बायनाबाई आणि युसूफमियाँची तीन भिंगं

सन्माननीय सभापती वकीलसाहेब, या सभेला इजाजत देऊन स्वतः जातीनं हजर राहिलेले तहसीलदारसाहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या भगिनी, आणि ज्यांना आज आपण हैदराबादेला निरोप देतो आहोत ते आपले फोटोग्राफर युसूफमियाँ,

आधीच्या वक्त्यांनी युसूफमियाँच्या कलेची तारीफ केली. मी नेकनूरच्या शाळेचा मास्तर. मी त्यांच्या भीतीबद्दल बोलणार आहे. आपण रागावणार नाही ना, मियाँ?

त्यांच्या कॅमेऱ्याला तीन भिंगं आहेत. लांब पल्ल्याचं भिंग दूरचं जवळ आणतं, पण त्याला उजेड फार लागतो. आखूड पल्ल्याच्या भिंगाला कमी उजेड चालतो, पण त्यासाठी अगदी पुढ्यात जावं लागतं. तिसरं मधलं. आपल्याला यातलं कोणतं मानवतं, हे त्यांना बरीच वर्षं उमगलं नव्हतं. लग्न असो की साहेबांची मेजवानी, ते लांबचं भिंग लावून मैदानाच्या पार टोकाला उभे राहायचे. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "मास्तरसाब, लोगां से डर लगता."

मग नेकनूरच्या डोंगरात बिबट्या आला. आधी शेळ्या गेल्या, मग शेतात निजलेला एक गडी, मग सरपणाला गेलेली केसरबाईंची नात. जनावर धड कुणी पाहिलं नव्हतं. गावात कुजबूज सुरू झाली की हे जनावर नव्हेच. ओढ्याकाठी एकटी राहणारी बायनाबाई रूप पालटते. बायनाबाई सुईण. जिच्या हातावर गावातली निम्मी लेकरं जन्मली, तिला पाहून बाया दारं लावू लागल्या.

मी आमच्या गावच्या बबनराव पाटलांना म्हणालो, जनावराचा फोटोच लोकांपुढं ठेवू. ते म्हणाले, "ठिवा मास्तर. मंग मी बोलतो लोकाइला." मी बीडला येऊन युसूफमियाँना गाठलं. ते आले, याचं मला आजही नवल वाटतं.

संध्याकाळी बिबट्या मारलेल्या वासरावर परत आला. युसूफमियाँनी समोरच्या टेकडीवरून लांबच्या भिंगानं फोटो घेतला. प्लेटची काच धुऊन पाहिली, तर करड्या धुक्यात एक वाकलेली आकृती, आणि मागं गवताची सावली पसरलेली.

"क्येस सोडल्यात बघा!" चावडीत कुणीतरी ओरडलं. "बाईच हाय ती!"

मंडळी, तिला वाचवायला आणलेला फोटो तिच्यावरच उलटला होता. तिचं खोपट तिच्यासकट पेटवायचं बोलणं उघड उघड सुरू झालं. पाटलांनी हात जोडून कसाबसा एक दिवस मागून घेतला.

युसूफमियाँनी ती काच कापडात गुंडाळली. "मेरे फोटू से मरेंगी वो," एवढंच म्हणाले, आणि पेटीतून आखूड भिंग काढलं. "नजदीक जाना पडता."

दुसऱ्या दिवशी पाटलांनी बायनाबाईला दुपारपासूनच चावडीत सगळ्यांच्या नजरेसमोर बसवलं. इकडे आम्ही दोघं वासराच्या अगदी समोर, बोराटीच्या काट्यांच्या कुंपणाआड. उजेड अजून होता. पाखरं एकाएकी गप्प झाली. मियाँ काळ्या कापडाखाली होते. कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं पडतं. त्यांनी मागाहून सांगितलं की ते जनावर आभाळाला पाय लावून आपल्याकडं चालत येताना दिसलं. जनावर वासराला लागल्यावर त्यांनी कापड बाजूला केलं, प्लेटची चौकट सरकवली, आणि लाकूड करकरलं.

बिबट्याचं खाणं थांबलं. मान वर झाली.

मी उपरणं दातांत कोंबलं. मियाँचे ओठ दुआ पुटपुटत होते. त्यांनी एका हातानं दुसरं मनगट आवळलं आणि कळ दाबली. त्या आवाजासरशी जनावर उठलं, कुंपणापर्यंत आलं आणि काट्यांना नाक लावून उभं राहिलं. त्याच्या श्वासाला रक्ताचा वास होता. ते किती वेळ उभं होतं? मला सांगता येणार नाही. ते वळून गेल्यावरही आम्ही हललो नाही. हलग्या वाजवत गडी आले तेव्हा त्यांनीच आम्हाला उचलून उभं केलं.

या प्लेटवर ठिपके होते, मिशा होत्या, आणि सरळ आपल्याकडं रोखलेले डोळे. चावडीत म्हाताऱ्या केसरबाई पुढं झाल्या, त्यांनी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला, आणि जाऊन बायनाबाईच्या शेजारी बसल्या. मग एकेक बाई उठून तिकडं गेली. बिबट्या कुणी मारला नाही. पाटोद्याकडं गेला म्हणतात. दिवस कलला की आम्ही अजूनही लेकरांना हाका मारून घरात घेतो.

निघण्याआधी मियाँनी बायनाबाईला विचारलं, तुमचा एक फोटो काढू का? तिला कॅमेऱ्याचीही धास्ती. म्हणाली, "लांबून नगा काढू भाऊ, लांबून मी येगळीच दिसते. आन लई जवळ बी येऊ नगा, मला भ्याव वाटतंय."

मियाँनी तेव्हा मधलं भिंग चढवलं. हळू बोललेलं ऐकू येईल इतक्या अंतरावर ते कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले, आणि तिच्याशी बोलता बोलताच त्यांनी कळ दाबली. ते भिंग त्यांनी पुढं फारसं उतरवलं नाही. आपणा सर्वांच्या घरी जे फोटो आहेत, ते तेवढ्याच अंतरावरून काढलेले आहेत.

सभापतींनी मला बोलू दिलं आणि आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल ऋणी आहे. ती संध्याकाळ सांगायला घेतली की माझी जीभ अजून अडखळते. कुठं काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. युसूफमियाँ, खुदा हाफिज. सांभाळून जा.