काळ्या पोटाची मासोळी

(मानोरा गावात अमीनाबीची बैठक. कोपऱ्यात माशांची काचपेटी. अमीनाबी आणि तिची नात जोया अकोल्याच्या लग्नाहून आत्ताच परतल्या आहेत. मागे घर सांभाळणारी शेजारची ज्योत्स्ना किल्ली द्यायला आली आहे. कडेवर तिचं तान्हं.)

जोया : हे माही चमगादड नाईच, दादी. किती डाव सांगू?

अमीनाबी : चप्पल तं काढ पहिले. आली का लागली पेटीले नाक चिकटवून. मिशा आहेत ना तिले?

जोया : मिशा मांजरीले बी रायतेत.

अमीनाबी : पाह्य ज्योत्स्ना, लग्नातून जबान किती लंबी करून आणली हिनं!

ज्योत्स्ना : असू द्या चाची, कटाळली प्रवासानं. जोया, तीच आहे गं. घरात कोणी नव्हतं, म्हणून बावरली असन.

जोया : माही उलटी पोहते, काकू. पोट वर, पाठ खाली, वटवाघळावानी. म्हणून तं चमगादड नाव ठेवलं म्या. हे सुल्टी चालून राह्यली.

ज्योत्स्ना : मग... बरी झाली असन. काहीतरी दुखत असन तिचं, म्हणून उलटी होत होती.

जोया : काई नाई दुखत! तिची जातच तशी हाय. नोमानमामूनं आणली तवाच सांगतलं होतं. पानाच्या खालच्या अंगाले लटकते, तिथलंच खाते. अन् हिचं पोट पांढरं हाय. माहीचं काळं. पाठीपरीस काळं.

अमीनाबी : मासोळीचं पोट कोन पाह्यत बसते, बाई?

जोया : उलटी असली का वरून तेच दिसते ना दादी. अंधारात कोनाले दिसू नये म्हणून काळं.

ज्योत्स्ना : पाणी बदललं होतं मी. पाण्यानं रंग उतरतो कधी कधी.

जोया : तिचा नाई उतरत. अन् हे भर दुपारी फिरून राह्यली. माही दिवसा करवंटीतून बाहेर निंघत नाई. लाईट बंद केला का मंग येते, जेवाले.

अमीनाबी : बस झालं आता. कडेवर लेकरू घेऊन रोज तुह्या मासोळ्यायले दाणे टाकले तिनं. खुदचं ताट थंडं केलं असन. अन् तू तिले झूटी पाडून राह्यली?

जोया : झूटी नाई म्हणलं म्या.

अमीनाबी : मंग काय म्हणलं? मासोळी बदलली म्हणलं ना? कोनं बदलली? कपाट सोडून चमगादड न्याले चोर आले होते का?

ज्योत्स्ना : चाची, राहू द्या ना.

अमीनाबी : काहून राहू देऊ? सारं घर हिच्या भरोशावर टाकून गेलो आपन. सख्ख्या बहिनीले मी किल्ली देत नाई. चल, माफी माग काकूची.

जोया : दादी...

अमीनाबी : माग म्हणलं ना!

जोया : माफ करा काकू. हेच असन माही. म्याच नीट पाह्यलं नसन.

अमीनाबी : हां, आता कसं! बस ज्योत्स्ना, चाय पिऊन जा.

ज्योत्स्ना : नको, चाची.

अमीनाबी : काहून? दूध तं तूच आनून ठेवलं.

ज्योत्स्ना : तिनं नीटच पाह्यलं. ही तिची मासोळी नाही.

अमीनाबी : काय बोलून राह्यली?

ज्योत्स्ना : ही कारंज्याच्या बाजारातून आणली मी. फोटो नव्हता जवळ, नुसत्या मिशा सांगितल्या. दुकानवाल्यानं मिशावाली दिली.

जोया : अन् माही?

ज्योत्स्ना : करवंटीले शेवाळ धरलं होतं, म्हणून घासायले काढली. मागं वळून पाहते तं मासोळी पोट वर करून पडलेली. हलेना. मले वाटलं, गेली. तुह्या डोळ्याले पाणी नको म्हणून...

जोया : कुठी हाय ते?

ज्योत्स्ना : आमच्या मागच्या सीताफळाखाली. फडक्यात गुंडाळून पुरली.

जोया : दादी! म्या म्हणलं होतं ना तुले, काकूले सांग का ते उलटी रायते?

अमीनाबी : आटो दारात उभा होता बेटा... म्या म्हणलं, मासोळी ते, मासोळीसारखी राहीन. माही गलती आहे, ज्योत्स्ना. तुले बिचारीले काय मालूम?

ज्योत्स्ना : माह्यासाठी वाट काढू नका, चाची. उचलली तेव्हा हलली होती ती. हातात.

अमीनाबी : या अल्ला.

ज्योत्स्ना : एकदाच, शेपटी. बाळ रडून राह्यलं होतं, भूक लागली होती त्याले. मी मनाले म्हटलं, माहाच हात हलला. पण तसं नव्हतं. कळलं होतं मले. तरी थांबली नाही.

अमीनाबी : बस खाली. लेकरू दे इकडं.

ज्योत्स्ना : अन् आता ह्या पोरीची माफीही पदरात घेऊन निघालीच होती मी.

जोया : हे जेवते का?

ज्योत्स्ना : कोण?

जोया : हेच. सुल्टी.

ज्योत्स्ना : नाही गं. आणल्यापासून तोंड नाही लावलं. दाणे वरच तरंगत राह्यतात.

जोया : हे बी रातचीच असन. हिच्यासाठी बुडणारे दाणे लागतेत, हे खालूनच खाते. दुपारी फिरून नाई राह्यली काकू ते, जागा धुंडून राह्यली. करवंटी कुठी हाय?

ज्योत्स्ना : घरी, ओट्यावर. परत ठेवायले हातच नाही झाला.

जोया : आना मंग. अन् पहिले तो लाईट बंद करा. भेली हाय ते.

ज्योत्स्ना : केला बंद.

जोया : दादी.

अमीनाबी : काय व?

जोया : आता म्या माफी मांगतली ना, ते वापस घेऊ का?

अमीनाबी : मले कायले विचारतं? काकूले विचार.

ज्योत्स्ना : घे, बेटा. तुहीच आहे ती.