मिस्तरींचं इंजिन रनिंगला होतं

माझं माहेर उमापूरचं, दिलं धारूरला. आमचे हे इंजिनाचे मिस्तरी, सगळं गाव मिस्तरी म्हनायचं, मग मीबी मिस्तरीच म्हनायचे, नाव घेतलं ते उखाण्यापुरतं. विहिरीवरची डिझेल इंजिनं बिघडली का मानसं ह्यांना ताटावरून उठवून न्यायची. मग लाईटीच्या मोटारी आल्या, डिझेलला कोन इचारतंय? ह्यांचं लोखंड कातायचं लेथ मशीन अंगनात पत्र्याखाली गप पडलं, अन् मानूसबी तसाच गप पडला.

काय सांगू ताई तुमाला, आमची लेक सुरेखा पुन्याला असती, तिनं एक खोकं धाडलं. वाफेचं इंजिन म्हने, बारकं, तांब्याएवढं. इंजिन कशाचं, नुस्ते ओतीव पितळेचे खडबडीत तुकडे! म्या म्हनलं, हे भंगार कावून धाडलं पोरीनं? तर हे हासले, कितीक दिसांनी हासले बगा. म्हनले, हे लेथवर कातायचं, भोकं पाडायची, जोडायचं, मग इंजिन व्हतं, अन् पहिली वाफ तुज्याच हातानं देऊ.

मग काय, घरभर पितळेचा कीस. पिठाच्या डब्यात कीस, अंथरुनात कीस. मी लई भांडले, अन् खोटं कशाला बोलू, मला ते ग्वाडबी लागायचं. इंजिन झालं, चकाकलं, पर चाक काही फिरंना. आतला दट्ट्या घट्ट. सुरेखा फोनवर म्हनली, बाबा, जरा सैल करा. तर हे उखडले. जल्मभर इंजिनं बसवली, दट्ट्या सैल म्हंजे इंजिन मेलं, मला शिकवती व्हय! नवं इंजिन रनिंगला ठेवावं लागतं, हातानं फिरवून फिरवून आपसूक मोकळं व्हतं. झालं. रोज तेलाचा थेंब सोडायचा अन् चाक फिरवत बसायचं, हे थकले का मी.

तेवढ्यात छातीचं दुखनं निघालं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात सुरेखा जवळ बसायची, मी घरून डबा घेऊन गेले का ह्यांचा पहिला सवाल, चाक फिरवलंस का? म्या म्हनायचं, फिरवलं हो, तुमी बरे व्हा अन् घरी या. न्हाई आले. आनलं ते गाडीत घालून आनलं.

दिवस झाले, पाव्हने गेले. माजी जाऊबाई म्हनली, ते झाकून ठेव आता. पर मला बास म्हननारा मानूस कुटं ऱ्हायला होता? मी आपली फिरवतच ऱ्हायले. अन् एक दिवस बोट काडलं तरी चाक फिरतंय! फिरतंय अन् फिरतंय!

सुरेखा आली, पानी भरलं, खाली दिवा लावला. पहिली वाफ म्याच दिली. टुकटुक टुकटुक, अस्सं पळालं का इचारू नका. अन् माज्या तोंडून निघालं, अहो मिस्तरी, या हिकडं, चाललं की हो! ह्यांच्या बाजेकडं बगून वरडले मी. बाज रिकामी. इंजिन थांबंस्तोवर दोगी मायलेकी रडलो.

मागून कळलं ताई, वाफेच्या बारक्या इंजिनाला दट्ट्या सैलच लागतो. पोरगी बरोबर सांगत होती. पॉलिश पेपरनं जरा घासलं असतं तर त्यांच्या डोळ्यादेखत चाललं असतं. असा राग येतो मला त्यांचा! पर आता भांडू कुनासंगं?

तुमी नवरा-बायको दोगं सुखी ऱ्हावा, भांडा, पर संगं ऱ्हावा. मी वाफ न्हाई देत आता. सकाळी देवाला दिवा लावला का तेलाचा थेंब सोडते अन् चाक फिरवते. त्याला गरज न्हाई, ते कवाच मोकळं झालंय. पर वर गेल्यावर त्यांनी इचारलंच, तर फिरवलं म्हनता यावं.