विशाखापट्टणमला किती जण?

...नाही, पण मी म्हणतो, विचारायचंच कशाला? तुम्हाला सांगतो, सुट्टी माझी, पाय माझे, समुद्र बंगालच्या उपसागराचा, आणि दिल्लीत ज्याला त्याला एकच चौकशी... "कितने लोग जा रहे हो?" अरे, लोग! मी काय वऱ्हाड नेतोय विशाखापट्टणमला?

सुरुवात केली त्या कृतिकाने. कृतिका म्हणजे आमच्या नोएडाच्या ऑफिसातली एचआर, वय सत्तावीस, बोलणं कसं, तर "सऽर, आपकी बाईस छुट्टियाँ पड़ी हैं, थर्टी-फर्स्ट को लैप्स हो जाएँगी, ब्रेक लीजिए सऽर!" म्हटलं, घेतो बाई. बाहेर धूर असा की मयूर विहारच्या माझ्या बाल्कनीतून समोरची बिल्डिंग दिसत नाही... तिथे राहतं कोण हे तर मला धूर नसतानाही कधी कळलेलं नाही, ते सोडा! म्हटलं, समुद्र बघू, जरा मोकळी हवा खाऊ. हे तोंडातून बाहेर पडतंय तोवर बाईसाहेब, "वॉव, फॅमिली के साथ? कितने लोग?"

फॅमिली! आता हिला काय सांगायचं? शुभदा, म्हणजे माझी बायको, कागदोपत्री अजून बायकोच, ती सहा वर्षं पुण्यात. भांडण नाही, आदळआपट नाही, तिची बदली झाली, माझी झाली नाही, एवढंच! आधी रोज फोन, मग रविवारी फोन, मग दिवाळीला फोन... आणि आता दिवाळीला फॉरवर्ड येतो, हलणाऱ्या पणत्यांचा. चिरंजीव अथर्व गुरुग्रामला. म्हणजे मेट्रोने दीड तास हो! पण तुम्हाला सांगतो, लोकांची कॅनडातली मुलं आईबापाकडे जास्त वेळा येतात. त्याला फोन केला, म्हटलं, येतोस का? तर, "बाबा, यार, बिल्कुल आलो असतो, पण आमचं सॉफ्टवेअर रिलीज आहे ना. तुम्ही जा! सोलो ट्रिप एकदम कूल असते!" बघा हं, एकटा म्हटलं की बिचारा आणि सोलो म्हटलं की कूल! मी म्हटलं, अरे, मी सहा वर्षं या फ्लॅटमध्ये सोलोच आहे, मला कुणी कूल म्हटलेलं नाही! तर हसला, आणि म्हणाला, मीटिंग आहे, नंतर करतो.

मग मी ग्रुप काढला. 'चलो विशाखापट्टणम'. आमच्या गणपती मंडळातली नऊ माणसं घातली. आता मंडळाची पद्धत तुम्हाला माहितीच असेल, तिथे नाही कुणीच म्हणत नाही, सगळे आधी हो म्हणतात! पुष्करने, म्हणजे गेली वीस वर्षं आरतीला माझ्या शेजारी उभा राहून झांजा बडवणाऱ्या माणसाने, पहिल्या मिनिटाला लिहिलं, "चलोऽऽ!" आणि पुढे सहा नाचणारी चित्रं. मी लागलो ना कामाला! विमानं बघितली, पाणबुडीचं संग्रहालय कधी उघडतं ते बघितलं, अराकूच्या घाटातल्या गाडीत कुठल्या बाजूला बसायचं ते बघितलं, एक्सेलमध्ये दिवसवार तक्ता केला, रंग लावून! "उद्या सांगा, नक्की किती जण?" आता मीच विचारत होतो, बघा...

आणि सुरू झालं की हो! एकीच्या सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला, एकाच्या मुलीची प्री-बोर्डची परीक्षा आली, विनयला म्हणे बोट लागते... अरे, पण आपण बोटीत बसत नाही आहोत, किनाऱ्यावर बसणार आहोत! आणि पुष्कर? त्याने कारणसुद्धा दिलं नाही. नुसती ओळ आली, पुष्कर ग्रुपमधून बाहेर पडला. मागोमाग सगळे पडले. आता ग्रुपचा ॲडमिन मी, सभासद मी, आणि तक्ता पाहणाराही मीच. ग्रुप अजून आहे माझ्या फोनमध्ये, मला काढून टाकवत नाही.

म्हटलं, जाऊ दे, एकटा तर एकटा. हॉटेल काढलं, समुद्रासमोरचं. तिथे आधीच लिहिलेलं, प्रौढ दोन! वजाचं बटण दाबून मी एक केला, खोली मिळाली, पैसे भरले... आणि दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन. "अविनाशजी, कितने लोग आ रहे हैं?"

"एक."

"मतलब, एक फॅमिली?"

"एक आदमी!"

तर म्हणतो, "सॉरी सर, सिंगल को रूम नहीं देते." का? तर म्हणे, "समुंदर सामने है ना सर. लोग अकेले आते हैं, उदास-उदास, दरवाज़ा बंद करके बैठ जाते हैं, फिर कुछ हो गया तो पुलिस हमें पकड़ती है." म्हटलं, अहो, मी जीव द्यायला नाही येत, मी अराकूची कॉफी प्यायला येतोय! त्यावर तो माणूस काय म्हणाला माहितीये? आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "सर, घर में सब ठीक है ना? आप ठीक हैं ना?"

तुम्हाला सांगतो, किती महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं! आणि विचारावं कोणी, तर खोली नाकारणाऱ्याने? रडू आलं हो मला, फोन लांब धरून रडलो. त्याला काय, दीड हजार किलोमीटरवरून ऐकू गेलंच असणार. तो म्हणाला, "घर के किसी आदमी से बात करा दीजिए सर. वो बोल दे आप ठीक हैं, तो मैं रूम दे दूँगा."

घर का आदमी! अथर्वला लावला, मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. पुष्करला लावला, वाजून वाजून बंद. शुभदाचा नंबर काढला, पाहत बसलो, आणि पुन्हा आत ठेवला... काय सांगणार होतो तिला, की मी ठीक आहे असं जरा कळव? मग आठवलं, ऑफिसने दिलेला दुसरा फोन आहे की! मॅनेजरला तोच नंबर दिला. म्हटलं, मेरे बड़े भाई साहब का है.

वाजला! मी घसा खाकरून, आवाज बेंबीतून काढून, "हाँऽ, बोलिए." मॅनेजर विचारतो, "आपका भाई कैसा आदमी है?" आता आली का पंचाईत! म्हटलं, "अच्छा है. शांत है. खाना ख़ुद बनाता है, किसी को तकलीफ़ नहीं देता. बस, बात करने को कोई नहीं है उसको..." आणि थांबलो. एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी बोललेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. खूश झाला हो मॅनेजर! म्हणाला, "रूम पक्का, सर! लेकिन डबल रूम है, दो बेड. इतना प्यार है भाई से, तो आप भी साथ आ जाइए ना?"

आणि माझ्या तोंडून फाडकन निघालं, "अरे, नहीं यार, हमारे यहाँ तो बेटा-बहू, पोते, सब आए हुए हैं, घर भरा है, मैं कैसे निकलूँ? उसको अकेले ही भेज दो!"

तुम्हाला सांगतो... एवढे सगळे नाही म्हणाले त्याचं एक वेळ सोडा, पण माझ्याबरोबर यायला मी स्वतःसुद्धा तयार झालो नाही!