मे महिन्यातलं जॅकेट

वामनराव : नाही, मले माल नाही पाह्यचा, मनोहरभाऊ. मले फक्त विचारायचं आहे का हे जॅकेट तुमी कोणाकडून शिवलं.

मनोहरराव : गांधीबागेत तुह्यं कापडाचं दुकान, दोन शिंपी तुह्या ओट्यावर मशीन मांडून बसले. अन् तू भर दुपारी, माह्या दुकानाच्या फळ्या लागल्यावर, मागच्या दारानं घरात येऊन मले शिंपी विचारून राहिला?

वामनराव : जाड दिसते कापड.

मनोहरराव : डबल अस्तर आहे. ये, गादीवर टेक जरा. तोंड पाह्य कसं लाल झालं उन्हानं. सिंधू, पाणी आण वं, वामन आला.

वामनराव : पाणी नको. पाणी प्यालो का पुन्हा उठा लागते. वहिनी कुठं आहेत?

मनोहरराव : आतमधी. डाळ निवडून राहिली. काहून?

वामनराव : मंग हळू बोला. भाऊ, बाजारात लोक हसतात तुमाले. मे महिन्यात बंद गळ्याचं जॅकेट. म्हणतात, मनोहरराव इलेक्शनले उभे राहून राहिले.

मनोहरराव : ते तूच सुरू केलं म्हणे.

वामनराव : असन. परवा डॉक्टरनं मले गोळ्यायचं सांगितलं. म्हणे, त्या गोळ्या घेतल्या का छाती फुगते, बायकायसारखी. घरी येईपर्यंत मले तुमचं जॅकेटच दिसत होतं.

मनोहरराव : कोणत्या गोळ्या?

वामनराव : तुमाले माहीत आहे कोणत्या. नसन माहीत तर मी निघतो. वामन आलाच नव्हता असं समजा.

मनोहरराव : निघू नको. प्रोस्टेट?

वामनराव : हो.

मनोहरराव : साधी गाठ आहे, का...

वामनराव : तपासाले तुकडा काढून पाठवला होता. कॅन्सर आहे. पाहा, आज पहिल्यांदा निघाला हा शब्द माह्या तोंडातून. डॉक्टरसमोर नुसती मान हलवली.

मनोहरराव : तू कापडवाला. हात लावल्याबिगर तुले काही पटत नाही. पाह्य मंग.

(मनोहरराव जॅकेटची आणि आतल्या सदऱ्याची बटणं सोडतात.)

वामनराव : दुखते का?

मनोहरराव : आता नाही. पहिले सदरा लागला तरी जीव जाये. झालं समाधान? लावू बटणं?

वामनराव : लावा, लावा. म्हणजे तुमचं ते हर्नियाचं दुखणं...

मनोहरराव : हर्निया मी बाजारासाठी ठेवला होता. तू काय सांगितलं?

वामनराव : मूळव्याध.

मनोहरराव : घरी बी?

वामनराव : घरीच तर सांगितलं. पुष्पलतानं लगेच भावाले बोलावलं, भावानं वैद्य आणला. आता दोन टाइम चूर्ण, मिरची बंद, रोज सूरण. त्या चूर्णानं मले जुलाब लागले, तर तिले वाटते मूळव्याध वाढली. तिनं मंगळवार धरले माह्यासाठी. तुमी हसून राहिले?

मनोहरराव : माफ कर गा. नसलेल्या रोगाचं पथ्य तूच करू जाणे.

वामनराव : हसा. मले बी आलं असतं हसू. पण झोप नाही ना, भाऊ. डोळा लागला का दचकून उठतो. दुकानात मीटर हातात धरतो अन् कापड मोजणंच विसरतो. गिऱ्हाईक तोंडाकडे पाहते. मले वाटते याले समजलं. साऱ्यायलेच समजलं.

मनोहरराव : डॉक्टरनं काय ठरवलं?

वामनराव : शनिवारी भरती व्हा म्हणते. खालचं... दोन्ही काढून टाकणार. मंग लागल्या तर गोळ्या. भाऊ, गावाकडे आमचे बाबा बैल खच्ची करवून घेत. दोरी मी धरत होतो. तो बैल मंग गव्हाणीत चारा टाकला तरी पाहे नाही. मले तोच दिसते.

मनोहरराव : बैलाले कोणी विचारलं नव्हतं. तुले विचारून राहिले.

वामनराव : विचारलं तरी काय फरक पडते? नसबंदीवाले फिरत होते त्या साली मी महिनाभर सासुरवाडीले जाऊन लपलो होतो. अन् आता स्वतःच्या पायानं जाऊ? तुमचं... तुमी फक्त गोळ्याच घेतल्या ना?

मनोहरराव : नाही. पहिले गोळ्या, मंग ऑपरेशन. दोन्ही झालं.

वामनराव : मंग... कसं विचारू? माणूस मर्द राहते का?

मनोहरराव : रात्रीचं विचारून राहिला असशील तर नाही. खोटं सांगून काय करू. मन बी तिकडे जात नाही. सुरुवातीले मले रडू ये. रेडिओवर बाजारभाव सांगून राहिले, अन् मी रडून राहिलो. अंगाची एकदम आग होये. सिंधू म्हणे, आता समजलं का माही पाळी गेली त्या वर्षी मी घडीघडी पंखा काहून मागत होती?

वामनराव : अन् उरलेलं?

मनोहरराव : उरलेलं सारं जागेवर आहे. कंबर अशी दुखे का पायरी चढवत नव्हती, ते थांबलं. दुकान उघडतो. जेवतो. गिऱ्हाइकासंगं भांडतो.

वामनराव : पण किती दिवस? खरं सांगा.

मनोहरराव : मले कोणी सांगितलं नाही, मी विचारलं बी नाही. जॅकेटचा हा दुसरा उन्हाळा. वामन, ऑपरेशन होऊन चालाफिराले लागला का रविवारी सकाळी तेलंगखेडीच्या बगिच्यात येजो. आमी चौघं जमतो. एक रेल्वेतले, एक मास्तर, एक कामठीचे सुताचे व्यापारी अन् मी. पाच होतो. गणपतराव होळीच्या आधी गेले.

वामनराव : याच्यानंच?

मनोहरराव : याच्यानंच. तुले हे बी सांगितलं पाहिजे. शेवटी हाडं लय दुखली त्यायची. आमी पाळीपाळीनं जाऊन बसत होतो.

वामनराव : तुमची गाठ कशी पडली?

मनोहरराव : दवाखान्याच्या बाकावर. सारेच घडीघडी उठून मोरीकडे जात होते. मास्तर म्हणाले, रांग लावा गा पोरांनो. तिथून ओळख.

वामनराव : बगिच्यात काय बोलता?

मनोहरराव : अर्धा वेळ लघवीचं. कोणाची अडली, कोणाची सुटली, कोण धोतराखाली काय बांधते. हे घरी कोणासंगं बोलशील तू? उरलेला वेळ सरकारले शिव्या. शनिवारी संगं कोण आहे तुह्या?

वामनराव : तेच तर. डॉक्टर म्हणे घरचं माणूस आणा. मी म्हटलं मुनीमजीले नेतो. पुष्पाले सांगतो, सुरतले माल पाह्याले चाललो.

मनोहरराव : अन् टाके घेऊन सुरतहून परत येशील?

वामनराव : मंग काय करू? हे कसं सांगू तिले? कोणत्या तोंडानं?

सिंधूताई : मुनीमजीले नका नेऊ, भाऊजी.

वामनराव : वहिनी... तुमी केव्हा आल्या?

सिंधूताई : मी आतच होती. डाळ कधीचीच निवडून झाली. घ्या, ताक आहे, पाणी नाही. अन् उठा लागलं तर मोरी इथंच मागं आहे, लाजू नका.

मनोहरराव : सिंधू, आमी बोलून राहिलो ना.

सिंधूताई : तुमी बोलून राहिले, पण तुमचं स्वतःचं नाही सांगून राहिले. भाऊजी, यायनं बी मले सांगितलं नव्हतं. खाट वेगळी केली. धोतरं स्वतःच्या हातानं धुवाले लागले. संध्याकाळी दुकान सोडून तिकडे सदर बाजारात जात, कोणाकडे ते सांगत नव्हते. मी समजली, सदरले बाई ठेवली.

मनोहरराव : या वयात.

सिंधूताई : वयाचं काय सांगता? मी तर चेहरा बी ठरवून टाकला होता तिचा. देवाजवळ त्या बाईले काय काय म्हटलं असन मी. अन् ज्या दिवशी यायनं खरं सांगितलं, तवा पहिले मी देवाले हात जोडले का बाई नाही. मंग ध्यानात आलं आपण कायच्यासाठी हात जोडून राहिलो.

वामनराव : माह्या डॉक्टरचा दवाखाना बी सदरलेच आहे. परवा पुष्पा विचारत होती, सदरले आता इतकं काय काम निघालं तुमाले.

सिंधूताई : ऐका मंग. ती बी ठरवून राहिली असन कोणाचा तरी चेहरा.

वामनराव : भिऊन राहिलो मी, वहिनी. मराले तर भेतोच. पण तिच्या डोळ्याकडे पाहून सांगाले त्याच्याहून जास्त भेतो.

सिंधूताई : भ्या. हे बी भेले होते. पण संगं ती असू द्या.

वामनराव : सुरू कुठून करू? भाऊ, तुमी काय म्हटलं पहिले?

मनोहरराव : मले नाही आठवत.

सिंधूताई : मले आठवते. रोगाचं नाव तर लय मागून आलं. मी पाट मांडून ताट वाढून राहिली होती. हे म्हणाले, सिंधू, तू बस जेवाले, मी वाढतो. लग्न झाल्यापासून असं कधी म्हटलं नव्हतं यायनं. माह्या हातातलं वरण तसंच राहिलं. तवाच समजलं मले, काहीतरी मोठं आहे.

वामनराव : मी निघतो, वहिनी. माह्यं जेवण व्हाचं आहे अजून. ती थांबली असन.