धुक्यात उजवीकडे

सासरे : नकाशा फिरवायचा नाही असं कोणी सांगितलं तुला? फिरव की. नकाशावरची उत्तर दिशा आणि होकायंत्राच्या सुईचं लाल टोक एका रेषेत आलं की थांब.

सून : अक्षरं उलटी झाली तरी चालेल?

सासरे : वर्तमानपत्र आहे का ते?

सून : अहो बाबा, मग हे आमच्या शिवणकामासारखंच झालं! कागदी साचा आधी कापडाच्या उभ्या धाग्याला लावून घ्यायचा, मगच कात्री.

सासरे : बघ. आणि म्हणे मला दिशा कळत नाहीत.

सून : नाहीच कळत. दुकानातून बाहेर पडले की हटकून उलटी वळते. विचारा तुमच्या मुलाला.

सासरे : त्याचं काय घेऊन बसलीस! जन्मभर या टेकड्या पायाखाली घातल्या मी. नजर अधू झाली, तर म्हणतो, अंगणात फेऱ्या मारा.

सून : काळजीपोटी म्हणतात हो. आज मी सोबत म्हणून सोडलंय. वाट चुकलो तर मात्र पुन्हा नाव काढायचं नाही.

सासरे : मग चुकू नकोस. माथ्यावरून खाली पुलापर्यंत जायचंय. चल.

(तासाभराने, डोंगराच्या माथ्यावर.)

सून : बाबा, धुकं पार खाली उतरलं. पायवाटेला इथे दोन फाटे फुटलेत आणि मोबाइलला रेंज नाही.

सासरे : डावीकडे. त्यात बघायचं काय?

सून : थांबा. नकाशावर होकायंत्राची कड इथून पुलापर्यंत लावली... चकती फिरवली... आता मी वळते. उजवीकडे येतंय, बाबा.

सासरे : जवळपास लोखंड असेल. सुई बहकते.

सून : तारेचं जुनं कुंपण आहे. जरा लांब जाऊन बघते. ...नाही, उजवीकडेच.

सासरे : अगं, तुझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन उतरलोय मी इथून!

सून : तुमच्या फाट्यापाशी कधी कुंपण होतं?

सासरे : कुंपण? ...नव्हतं.

सून : मग तुमचा फाटा मागे राहिला असेल. इथे डावीकडे नकाशात उंचीच्या रेषा अगदी चिकटून आहेत. चुण्या घातल्यासारख्या.

सासरे : चिकटून? म्हणजे कडा आहे तिकडे. नीट बघितलंस?

सून : दोनदा.

सासरे : आणि तू चुकलीस तर?

सून : तर घरी सगळं माझ्यावर घेईन. हात द्या तुमचा. रागावलात?

सासरे : स्वतःवर. चल, पाय जपून टाक.

सून : दगड आहे. आता उतार. ...बाबा, पाण्याचा आवाज येतोय ना?

सासरे : केव्हाचा. म्हटलं, तुझं तुला ऐकू येऊ दे.

सून : पूल! बाबा, पूल आला!

सासरे : अगं हो, ओरडतेस काय!

सून : पूल दिसेपर्यंत माझाच विश्वास बसत नव्हता हो.

सासरे : कळत होतं. सारखी थांबत होतीस तू. हात सोडला मात्र नाहीस.

सून : रेंज आली वाटतं. यांना काय कळवू?

सासरे : कळव, बाबा चुकत होते. तू नाही.

सून : तसं कशाला? ‘पुलापाशी पोचलो, पुढच्या रविवारी पलीकडची टेकडी.’ एवढं पुरे.

सासरे : नेशील मला?

सून : म्हणजे काय! अजून शिकवायचंय तुम्ही मला. अगंबाई, धुकं विरतंय. अख्खी दरी उघडली, बाबा.

सासरे : थांब, बसू दे आधी. हं. आता एका कडेपासून सुरू कर. आणि काय काय दिसतं ते सावकाश सांग.