पलंगाखालचा गॅस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच पर्यावरण कार्यालयाचे मोठे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ओझोनबाई, पुढच्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि चहाच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. भाषण हा माझा प्रांत नव्हे. पण नळीतली बारीक फुसफुस ऐकून ऐकून कान तेवढे तिखट झालेत.

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या, तेव्हा आमचा मिस्त्री जुन्या फ्रिजची नळी कापत होता. आधी गॅस हवेत सोडायचा, मग कामाला लागायचं, ही आमच्या धंद्याची रीत. फुस्स झालं आणि बाई ओरडल्या, "अहो, झाका ते!" बिचारा मिस्त्री शर्टाची बटणं लावू लागला.

मग बाईंनी समजावलं. आपल्या डोक्यावर, पार उंच, ओझोनचं पांघरूण आहे. उन्हातले जहरी किरण ते अडवतं, आणि हा जुना गॅस वर जाऊन तेच कुरतडतो. शेजारचा न्हावी म्हणाला, "बाई, आमचं खालचं छप्पर गळतंय, तुम्ही वरचं काय घेऊन बसलात?"

"तुमच्या छपराला गवंडी मिळेल, दादा. वरच्याला कुठून आणू?"

न्हावी विचारात पडला. गिऱ्हाईक अर्धंच भादरलेलं राहिलं.

तेव्हापासून आमची सगळी गल्ली जुना गॅस सिलिंडरात भरून बाईंकडे देऊ लागली. आता गंमत बघा. हवेत न सोडलेला गॅस ठेवायचा कुठे? बाईंच्या कार्यालयाचं भांडार म्हणालं, ही वस्तू आम्ही खरेदी केलेली नाही. भंगार विभाग म्हणाला, ही मोडलेली नाही. शेवटी बाईंनी सिलिंडर घरी नेले, पलंगाखाली ठेवले. तिथे मावेनात, तेव्हा पलंग बाहेर काढला! यजमान मला म्हणाले, "बायकांना सवत येते, ऐकलं होतं. मला आली, तीही लोखंडाची, आणि एक नव्हे!"

हा गॅस भट्टीत नष्ट करायला पाठवायचा, तर साहेबांची एक सही लागते. ती अजून व्हायची आहे.

मघाशी बाईंच्या गौरवाला टाळ्या पडत असताना साहेब हेडक्लार्कला हळूच म्हणाले, "उद्या यांच्या घरून ते डबे आणा, मैदानात उघडा आणि रिकामे भंगारात काढा." साहेब, माफ करा, कानांना झाकण नसतं. पण बाईंनी जन्मभर कोंडलेलं एका फुस्सात जाणार?

बाई, उठू नका. यजमान, पाणी द्या त्यांना. ऐकलं तेव्हाच मी मिस्त्रीला फोन केला. यजमानांनी घराची किल्ली इतक्या उत्साहाने काढली की खिसा फाटला. माझ्याआधीच्या मान्यवरांचे तर किती आभार मानू! त्यांची भाषणं एवढी लांबली नसती, तर सिलिंडर हलले नसते.

कुठे हलले? साहेबांच्या केबिनमध्ये. शिपाईमामांनी आनंदाने दार उघडलं. टेबल जरा सरकवावं लागलं, म्हणजे व्हरांड्यात. सही होईपर्यंत साहेबांना तिथेच बसावं लागेल. जागा हवेशीर आहे, फक्त ऊन थेट डोक्यावर येतं. सगळ्या सभेसमोर एवढी मोठी जागा देणाऱ्या अध्यक्षांसाठी टाळ्या होऊ द्या! आणखी जोरात!

बाई, तुम्ही आमचे कान पिळलेत, म्हणून आम्ही शहाणे झालो. आयोजकांचे आभार, तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर अडाण्याचं म्हणून पोटात घाला.

साहेब, उठलात? चहा तिकडे आहे, पण टेबल इकडे. हे घ्या पेन.