मशीन कुणी हलवलं?

...आणि तो शिंपी वर तोंड करून म्हणतो, "मशीन एकदम चालू आहे." चालू? तुम्हाला सांगतो, त्या पिनबॉलच्या मशीनवर तो पँटचं कापड बेतत होता, काचेवर खडूच्या रेघा, पोटात कोळ्याची जाळी, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि म्हणे चालू. बरं, चालू आहे तर विकतोस कशाला? हे मी मनात म्हटलं हं, कारण संशय घेणं माझ्या स्वभावातच नाही.

पण मशीन तेच होतं. काचेखाली तीच उडती परी, तिच्या नाकावर तोच ओरखडा. बारा वर्षं शोधत होतो मी ते! का, विचारा... मेव्हण्यामुळे. बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं क्लबात ह्याच मशीनवर खेळायचो. स्टीलची गोळी उतारावरून घरंगळत येते, बाजूची बटणं दाबून खालच्या दोन पट्ट्यांनी तिला परत वर उडवायची, संपलं. तर त्या दिवशी माझा विक्रम मोडायला त्याला एकच फटका बाकी, आणि फटकन सगळं बंद, लाल अक्षरं पेटली, 'टिल्ट'. म्हणजे मशीन कुणीतरी हलवलंय, डाव बाद. मी चारचौघांत म्हटलं, "लबाड आहेस." तो म्हणाला, "भाऊजी, मी हलवलं नाही." आणि गेला. बारा वर्षं त्याने आमच्या घरचं पाणी प्यायलं नाही, आणि बारा वर्षं बायको मला ऐकवतेय, "माझा भाऊ तोडलात तुम्ही." आता मी संशय घेतला का? अक्षरं पेटली होती हो!

म्हटलं, मशीनच आणतो, त्याच्यावरच खेळवतो त्याला, काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

आणलं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर तो आत डोकावून म्हणतो, "साहेब, टाकून द्या." टाकून द्या? म्हणजे मी टाकल्यावर उचलणार कोण, हाच ना? मी गुपचूप प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. बदलाबदली नको. दोनशे स्क्रू, तुम्हाला सांगतो... बायको आपली मोलकरणीकडे बघतेय, "माझी बाटली कोण संपवतंय?" घरात संशयी माणसं असतात, आपण काय करणार?

पाच महिने लागले. कडक झालेली रबरं बदलली, गंजलेल्या पट्ट्या घासल्या, आणि मग तो लोलक. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसा आत लटकतो, भोवती एक कडं. मशीन हललं की लोलक कड्याला टेकतो आणि डाव बाद. तो मी स्वतः बसवला. इलेक्ट्रिशियनला हातसुद्धा लावू दिला नाही.

मेव्हणा आला. केस पिकलेले. बायको दारातच रडायला लागली. हा पाणीसुद्धा न घेता मशीनसमोर उभा राहिला, फक्त बोटं बटणांवर. गोळी नुसती नाचत होती. मी वाकलो, कोपरं काचेच्या कडेला टेकली, नजर त्याच्या मनगटांवर. म्हटलं, हलव की आता. माझा आकडा जवळ आला, मी अजून थोडा वाकलो... आणि फटकन बंद. टिल्ट.

"बघ," मी ओरडलो, "बघ, हलवलंस!"

त्याने दोन्ही हात वर केलेले होते. तो अगदी हळू म्हणाला, "भाऊजी, त्या दिवशीही तुम्ही असेच टेकून उभे होतात."

बायकोने माझ्या कोपरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. तुम्हाला सांगतो, माझी स्वतःची कोपरं, बारा वर्षं मी त्यांना घेऊन हिंडतोय, आणि एका शब्दाने बोलली नाहीत. मला लाज वाटली. मी माफी मागितली, नीट, हात धरून. त्याने पाणी घेतलं, मग चहा, मग जेवूनच गेला.

आता दर रविवारी येतो. बायकोने मशीनपासून चार हातांवर फरशीवर खडूची रेघ मारलीय, मी त्या रेघेच्या मागे उभं राहायचं, हात पाठीशी. माझा विक्रम कधीच मोडला त्याने. राहतो मी उभा, तक्रार नाही. संशय घेणं तर माझ्या स्वभावातच नाही... फक्त एवढंच सांगा, गेल्या रविवारी ही रेघ चौथ्या फरशीवर होती, आज पाचव्या फरशीवर कशी?